आई, ही साल आता कुठे जाणार?

तीन वर्षांपूर्वी मी एक चूक केली होती, तिथूनच सुरुवात करते. मोठी लेक तेव्हा पाच वर्षांची होती आणि मला वाटलं की आता हिला प्लास्टिक वगैरे समजायला लागलं पाहिजे, म्हणून मी तिला फोनवर तो कासवाचा व्हिडिओ दाखवला, नाकात अडकलेली स्ट्रॉ चिमट्याने ओढून काढतात आणि ते कासव कळवळतं तो. तिने पूर्ण बघितला, एक शब्द बोलली नाही. रात्री झोपताना मात्र हमसून हमसून रडायला लागली, म्हणाली आई मी पण नारळपाणी प्यायला स्ट्रॉ घेतली होती ना, मग ती स्ट्रॉ माझी होती का. मी तिला जवळ घेऊन बसले आणि मला खरंच काही उत्तर सुचेना. पुढे बरेच दिवस ती नारळपाण्याची गाडी दिसली की माझा हात घट्ट धरायची.

पाच वर्षांच्या मुलीने जे केलेलंच नाही त्याचं ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. तेव्हापासून घरात एक ठरवलं की भीती दाखवून पर्यावरण शिकवायचं नाही, पृथ्वी संपणार, पाणी संपणार, तुम्ही मोठे झाल्यावर काही उरणार नाही असलं बोलणं मुलांसमोर बंद. एवढ्या लहान वयात त्यावर ती काही करू शकत नाहीत, नुसती घाबरतात, आणि सारखं घाबरून कंटाळलेलं मूल पुढे त्या विषयाकडे बघतसुद्धा नाही.

मग शिकवायचं कसं? हे मला कोणी सांगितलं नाही, ते आमच्या कचरा नेणाऱ्या मावशींमुळे कळलं.

आमच्याकडे, म्हणजे पुण्यात, बऱ्याच भागात दारोदार कचरा गोळा करायचं काम ‘स्वच्छ’च्या महिला करतात. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, २००७-०८ च्या सुमारास सुरू झाली, त्याच्या मागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं १९९३ पासूनचं काम आहे. आपण महिन्याला घरटी ठरलेली फी देतो आणि सुका कचरा विकून जे पैसे येतात तेही त्यांचेच. ही दुसरी गोष्ट मला इतकी वर्षं माहीतच नव्हती, लाज वाटते सांगायला. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा, डायपरमध्ये, आणि मी डायपर तसेच डब्यात टाकायचे. एक दिवस मावशींनी बेल वाजवली आणि एकदम शांतपणे म्हणाल्या, ताई, डायपर कागदात गुंडाळून वेगळं देत जा, वर लाल पेनाने ठिपका काढा म्हणजे मला उघडून बघावं लागणार नाही. तेवढंच. चिडल्या नाहीत काही नाहीत. लेक माझ्या शेजारीच उभी होती, तिने लगेच विचारलं, मावशी तुम्ही आमचा कचरा हाताने उघडता?

हो बाळा, वेगळं करायला उघडावंच लागतं की.

त्या एका वाक्याने जे झालं ते माझ्या शंभर व्हिडिओंनी झालं नसतं. तिच्या डोळ्यासमोर आता कुठलं तरी लांबच्या समुद्रातलं कासव नव्हतं, रोज सकाळी भेटणाऱ्या मावशींचे हात होते. त्या दिवसापासून लाल ठिपका काढायचं काम तिचं. आणि मग तिचे प्रश्न सुरू झाले, ते आजतागायत थांबलेले नाहीत. मावशी हे कुठे नेतात? तिथून पुढे कुठे जातं? केळ्याची साल कुठे जाणार? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती म्हणून मग मावशींनाच विचारायचं ठरवलं. त्यांनी सांगितलं की रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा वेगळा काढून भंगारच्या दुकानात देतात, पण त्यात चहाचा चोथा किंवा भाजीचा रस्सा मिसळला तर कागद भिजतो आणि भिजलेला कागद कोणी घेत नाही. लेकीला हे चटकन कळलं. ओला कचरा सुक्यात टाकला की मावशींचे पैसे जातात, बस्स, एवढं साधं.

ओला-सुका वेगळा करा हे घनकचऱ्याच्या सरकारी नियमांतही आहे, भिंतींवर रंगवलेलं आहे, घंटागाडीच्या गाण्यात आहे. पण मुलाला नियम नाही समजत, माणूस समजतो. मला तरी असंच दिसलं.

पुढचा भाग जेजुरीला जाताना घडला. हडपसरवरून सासवड रोडने निघालो, मंतरवाडीच्या आसपास गाडीत वास यायला लागला आणि दोघांनी नाकं दाबली. उरुळी देवाची आणि फुरसुंगीचा कचरा डेपो, वर्षानुवर्षं सगळ्या पुण्याचा कचरा तिथे जाऊन पडला, तिथल्या गावकऱ्यांनी त्यासाठी कितीतरी आंदोलनं केली, विहिरींचं पाणी खराब झालं, उन्हाळ्यात डेपोला आगी लागल्या. मी मुलांना फक्त एवढंच सांगितलं की आपल्या घरातली साल इथे यायची आणि इथल्या लोकांना रोज हा वास घ्यावा लागायचा. लेक विचारात पडली, मग म्हणाली, पण साल तर त्यांनी नाही खाल्ली.

आग का लागते हे पण विचारलं. तिला मी असं सांगितलं की ओला कचरा ढिगात दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही, हवा न मिळता कुजलं की मिथेन नावाचा गॅस तयार होतो, तो आपल्या शेगडीच्या गॅससारखा पेटतो, आणि तोच कचरा हवेशीर कुजवला तर गॅसऐवजी खत होतं. (हे सगळं तिला कळलं असं नाही, पण ‘हवेशीर’ हा शब्द तिने पकडला आणि आता तो ती कुठेही वापरते, परवा आजीला म्हणाली तुझं कपाट हवेशीर नाही.)

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बादली आणली. म्हणजे विकत नाही आणली, घराला रंग दिला तेव्हाची वीस लिटरची बादली पडून होती, नवऱ्याने तिला गरम स्क्रूड्रायव्हरने सगळीकडून भोकं पाडली, खाली ताटली. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि सुका पाला, त्यावर रोजचा ओला कचरा, त्यावर परत मूठभर पाला, आठवड्यातून एकदा आंबट ताकाचा हबका. ऐकायला सोपं आहे पण पहिले तीन आठवडे वाईट गेले. मी पाला कमी टाकत होते, कलिंगडाच्या साली, उरलेला भात, सगळं पाणीच पाणी, आणि वास सुटला. शेजारच्या काकू सांगायला आल्या. सासूबाई म्हणाल्या बंद कर हे सगळं, घरात लहान मुलं आहेत.

बंद नाही केलं. सगळं बाहेर काढून वाळवलं, खूप सारा सुका पाला मिसळला आणि परत भरलं, मग चार दिवसांत वास गेला. कोणी सुरू करणार असेल तर एवढं एक लक्षात ठेवा, वास आला म्हणजे ओलं जास्त झालंय, पाला घाला. आणि अळ्या झाल्या तर घाबरू नका. आमच्या बादलीत जाड, तपकिरी पांढरट अळ्या झाल्या होत्या, मी किंचाळलेच, नंतर कळलं की त्या सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या आहेत, चावत नाहीत, उलट कचरा भराभर खाऊन टाकतात. धाकटा मात्र तेव्हापासून त्यांचा मित्र. रोज झाकण उघडून ‘खाल्लं का’ विचारायचा. लहान मुलांना मुळात कशाचीच किळस नसते, ती आपण शिकवतो, आणि माझी किळस त्याच्यापर्यंत पोचायच्या आत मी गप्प बसले ते बरं झालं.

आता सांगते आम्ही केलेल्या सगळ्यात चांगल्या गोष्टीबद्दल, ही ज्यांच्याकडे चार ते आठ वयाची मुलं आहेत त्यांनी करूनच बघा. एका मोठ्या कुंडीत पाच वस्तू पुरल्या. केळ्याची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, जुन्या सुती परकराची चिंधी, चिप्सचं पाकीट आणि दुधाच्या पिशवीचा तुकडा. प्रत्येकाच्या वर आईस्क्रीमची काडी रोवली आणि लेकीने त्यावर चित्रं काढली, तेव्हा लिहिता येत नव्हतं नीट. रोज पाणी. रोज दोघांची चौकशी, आज काढायचं का, आज काढायचं का. कॅलेंडरवर दोन महिन्यांनंतरच्या रविवारवर गोल केला होता.

त्या रविवारी दोघंही अंघोळ न करता बाल्कनीत हजर. खुरप्याने हळूहळू उकरलं. साल सापडलीच नाही, काडी होती पण खाली नुसती काळी माती, धाकट्याला वाटलं चोरीला गेली. कागदाचा लगदा झालेला, हातात घेतला की तुटत होता. चिंधीला भोकं पडलेली, एका बाजूला नुसते धागे. आणि चिप्सचं पाकीट लेकीने नळाखाली धुतलं तर आतून तसंच चकचकीत, वरची अक्षरं वाचता येत होती, एक्सपायरीची तारीखसुद्धा. ती ते हातात धरून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, आई, चिप्स तर पाच मिनिटांत संपले होते.

मी काहीही बोलले नाही. तोंडावर आलं होतं माझ्या मोठं भाषण, पण गिळलं. त्यानंतर त्या पाकिटाबद्दल मावशींना विचारलं तर म्हणाल्या याला भाव नाही, भंगारवाला घेत नाही. त्यात प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं अवघड, म्हणून. चिप्स आमच्याकडे बंद नाही झाले हो, मुलं आहेत, पण आता बरेचदा कोपऱ्यावरच्या दुकानातून वेफर्स वजनावर डब्यात आणतो, आणि डबा न्यायची आठवण मुलंच करतात.

दुधाच्या पिशवीचं वेगळंच. ती पण जशीच्या तशी निघाली, पण तिला भाव आहे, धुवून वाळवून दिली तर. सासूबाई हे वर्षानुवर्षं करतायत, पिशवी उलटी करून धुवायची आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवायची, वाळली की आपोआप सुटते. मला पूर्वी ते बघून वैताग यायचा, खरं सांगते, किचन कसं दिसतं ते असं वाटायचं. एक मात्र त्या कापताना पिशवीचा कोपरा पूर्ण तोडायच्या आणि तो एवढासा तुकडा हरवायचा, गटारात नाहीतर ओल्या कचऱ्यात, तो परत कोणाच्या हाताला लागत नाही. कोपरा थोडा चिकटलेलाच ठेवायचा असं मी कुठेतरी वाचलं होतं ते लेकीला सांगितलं. तिने त्या कोपऱ्याला ‘टोपी’ नाव ठेवलं. आता घरात कोणी दूध फोडायला घेतलं की दोघांपैकी एकजण आतून ओरडतं, आजी टोपी तोडू नको! आणि आजी खरंच नाही तोडत.

आजीचा विषय निघालाच आहे तर. सासूबाई मूळच्या भोरकडच्या. त्यांच्या लहानपणी घरात कचऱ्याचा डबा असा नव्हताच म्हणे. खरकटं गुरांना, शेण-पालापाचोळा उकिरड्यात आणि तिथून शेतात, चुलीची राख भांड्यांना, जुन्या साड्यांची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि जे कपडे बरे असतील ते बोहारणीला देऊन पातेलं. मुलांना बोहारणीची गोष्ट प्रचंड आवडते, कपडे देऊन भांडी मिळतात यावर धाकट्याचा विश्वासच बसत नव्हता. मी त्यांना म्हणलं तुम्ही तेव्हा किती पर्यावरणाचा विचार करत होता, तर म्हणाल्या अगं विचार कसला, नव्हतंच काही फेकण्यासारखं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण मुलांना इको-फ्रेंडली म्हणून जे शिकवतो ते पुष्कळदा दुकानातून आणलेलं असतं, बांबूचा ब्रश, स्टीलची स्ट्रॉ, ज्यूटची महागडी पिशवी. आमच्याकडे या दिवाळीत आजीने दोघांकडून जुन्या ओढणीच्या पिशव्या शिवून घेतल्या, सुईत दोरा ओवायला शिकवला. वाकडीतिकडी शिवण आहे, पण दोन किलो कांदे मावतात आणि शिवलेली पिशवी मूल विसरत नाही, कारण ती त्याची असते. राज्यात २०१८ मध्ये कॅरीबॅग बंदी आली तेव्हापासून मी पिशवी न्यायचा प्रयत्न करत होते आणि दर दोन दिवसांनी घरी विसरत होते, आता धाकटाच ती दाराच्या हुकाला लावून ठेवतो.

गणपतीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा शाडूची मूर्ती आणून घरीच बादलीत विसर्जन करायचं ठरवलं. माझ्या डोक्यात सगळं नीट होतं, पण धाकट्याच्या नव्हतं. आरती झाली, मूर्ती बादलीपाशी नेली आणि तो असा आक्रोश करायला लागला, बाप्पाला बादलीत नको, बाप्पाला नदीवर न्या. त्याला वाटलं आपण बाप्पाला कमी लेखतोय. तेव्हा नवऱ्याने जे केलं ते मला कधीच सुचलं नसतं. त्याने मोठं पितळी घंगाळं काढलं, चिंचेने घासून लख्ख केलं, फुलांच्या पाकळ्या सोडल्या, धाकट्याला म्हणाला तूच पाणी ओत, ही बाप्पाची नदी. मग तो शांत झाला. रात्रभरात मूर्ती विरघळली, सकाळी तळाशी मऊ माती. प्लास्टरची मूर्ती अशी विरघळत नाही, ती कितीतरी दिवस पाण्यात तशीच अर्धवट राहते, मुठेच्या काठावर आपण सगळ्यांनी बघितलंय ते दृश्य, मुलांना मी ते मुद्दाम दाखवलं नाही. शाडू नुसती कुंडीत टाकली तर दगडासारखी घट्ट होते हे मला नंतर कळलं. आमच्या एका तगरीचं त्यात नुकसान झालं. पुण्यात ‘पुनरावर्तन’ नावाची मोहीम चालते, विसर्जनानंतरची शाडू गोळा करून परत मूर्तिकारांना देतात, गेल्या वर्षी आम्ही माती वाळवून तिकडे दिली. धाकट्याने विचारलं, मग पुढच्या वर्षी तोच बाप्पा येणार? म्हणलं हो. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ तो आता वेगळ्याच खात्रीने ओरडतो.

शाळेबद्दल थोडं बोलायचंय, नाव घेत नाही. लेक यंदा तिसरीत, परिसर अभ्यास सुरू झाला, छान पुस्तक आहे. पण प्रोजेक्ट आलं ‘पर्यावरण वाचवा’, आणि अपेक्षा काय तर थर्मोकोलचा गोल, त्यावर रंग, चमकी, लॅमिनेट केलेला तक्ता. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. मी रागाच्या भरात व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला घेतलं होतं, मग थांबले, बाईंना प्रत्यक्ष भेटले. त्यांच्या वर्गात पंचेचाळीस मुलं आहेत, त्यांना सगळ्यांकडून सारखं काहीतरी दिसायला हवं असतं, त्यांची अडचण मला समजली. मी विचारलं की ही तिची कुंडीतून निघालेली पाच वस्तूंची पाटी आणू शकते का. चालेल म्हणाल्या. लेकीने पुठ्ठ्यावर चिंधी, कागद, पाकीट, पिशवी चिकटवली आणि सालीच्या जागी नुसती रिकामी चौकट ठेवली, खाली लिहिलं ‘साल इथे होती’. बाईंनी ती पाटी वर्गात लावली आणि आता वर्गातल्या काही मुलांनी आपापल्या घरी पुरणं सुरू केलंय. मला याचा खूप आनंद झाला, तो लपवत नाही.

पाण्याचं पण एक झालं. बाथरूमचा नळ ठिबकत होता, सेकंदाला साधारण एक थेंब, प्लंबर काही येत नव्हता. दोघांना पेला ठेवायला सांगितलं. तासाभरात पेला जवळजवळ भरला. मग पेले तांब्यात ओतत, मोजत, दिवसाचा हिशोब काढला तो चार तांब्यांच्या वर गेला. त्यानंतर प्लंबरला फोन करायला लेकीनेच लावलं, रोज विचारायची, काका आले का.

आता सध्या बादली तिसऱ्यांदा भरलीये आणि आमची अडचण आहे सुका पाला. सोसायटीत जानेवारी-फेब्रुवारीत झाडं गळायला लागली की रोज सकाळी पाला झाडून कोपऱ्यात पेटवायचे, धूर थेट आमच्या बाल्कनीत. पाला जाळू नका, ज्यांना हवाय त्यांना द्या यासाठी पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा एक गट काम करतो, तिथून मला कल्पना आली. पण वॉचमन काकांशी बोलायला मी नाही, दोघं मुलं गेली. धाकट्याने त्यांना बादलीतलं खत मुठीत नेऊन दाखवलं, वास घ्या म्हणाला, त्यांनी घेतला. काकांच्या गावी पण उकिरडा आहे म्हणे, दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं.

काल संध्याकाळी खाली गेलो तर जिन्याखाली दोन पोती पाला भरून ठेवलेला, वर दगड, उडू नये म्हणून. एक पोतं दोघांनी मिळून ओढत तिसऱ्या मजल्यावर आणलं, सगळ्या जिन्यात पानं सांडली, ती परत गोळा केली. दुसरं उद्या आणायचंय.